काळजीचे माप

“डॉक्टर, सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणता, मग मला झालंय तरी काय?”

टेबलापलीकडे बसलेले गृहस्थ किराणा दुकानदार होते. वय एक्कावन्न. महिन्याभरातली ही त्यांची चौथी खेप. तक्रारी त्याच. छातीत धडधडते, पोट फुगते, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत छताकडे पाहत पडून राहावे लागते. हृदयाचा आलेख काढून झाला होता. रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड सारे पाहून झाले होते. रक्तदाब किंचित वर होता, बाकी ठीक. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

मी चिठ्ठ्यांच्या पॅडचा एक कागद फाडून त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटले, “शेठ, रात्री जाग आल्यावर डोक्यात जे जे येतं, ते इथं लिहा.”

पाच मिनिटांत कागद भरला. एकूण दहा ओळी. बायपासला मोठे दुकान झाल्यापासून गिऱ्हाईक तुटले. मुलाला बारावीला गुण कमी पडले. शेजाऱ्याच्या मोरीचे पाणी आपल्या भिंतीत झिरपते. उधारी वसूल होत नाही. पुतणीच्या लग्नाचे जमत नाही. आईचे गुडघे. मोटारसायकलचा विमा संपला. अशा दहा.

मग मी कागद उलटा केला. “आता आज सकाळपासून काय काय नीट झालं, ते या बाजूला लिहा.”

ते हसले. “त्यात काय लिहायचं, डॉक्टर?” पेन हातात धरून बराच वेळ बसले. बाहेर बाकावर रुग्ण खोळंबले होते, तरी मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, ‘नळाला पाणी आले.’

एका बाजूला दहा ओळी आणि दुसऱ्या बाजूला एक. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या मनाचा जमाखर्च असाच असतो. तो तसा का असतो आणि त्यात थोडा समतोल आणता येतो का, याविषयी आज बोलू या.

न चावणारी चप्पल

पायात चप्पल नीट बसली असेल तर ती पायात आहे हेही आपल्याला आठवत नाही. चावू लागली की मात्र प्रत्येक पावलाला आठवते. तोंडातले एकतीस दात मुकाट्याने काम करतात, त्यांची आठवण कुणी काढत नाही. बत्तिसावा ठणकू लागला की सारे लक्ष तिथेच. हा माणसाचा दोष नव्हे. मेंदूची घडणच तशी आहे. आपले पूर्वज रानावनात राहत होते तेव्हा पिकलेले फळ नजरेतून सुटले तर एक वेळचे नुकसान होई, पण गवतातली हालचाल नजरेतून सुटली तर जीव जाई. त्यामुळे धोका आधी टिपायचा आणि घट्ट धरून ठेवायचा, ही सवय मेंदूला लागली. रान गेले, वाघ गेला, सवय मात्र राहिली. आता मेंदू तीच सवय बँकेच्या हप्त्यावर आणि मुलाच्या गुणपत्रिकेवर वापरतो.

धोक्याची जाणीव झाली की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात, पचनाचे काम मंदावते. लढायचे किंवा पळायचे, या दोन्हींसाठी शरीराची ही तयारी असते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिचे सविस्तर वर्णन केले. ताण लांबला की कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्यही वाढलेले राहते. वाघापुढून पळून गेल्यावर हे सारे शांत होते. पण अंथरुणावर पडल्या पडल्या मोरीच्या पाण्यापासून कुठे पळणार? म्हणून धडधड, पोटातला वायू, मानेतला ताठरपणा आणि उडालेली झोप. रुग्णाची तक्रार खरी असते. ‘तुम्हाला काही झालेलं नाही, उगीच विचार करता’ असे सांगून त्याला वाटेला लावणे ही आम्हा डॉक्टरांची चूक असते.

याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट घडते. जे रोज मिळते ते दिसेनासे होते. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला अत्तराचा वास येत नाही, तसेच. घरात पहिल्यांदा नळ आला तेव्हा घरच्या बाईने नळाला हळदकुंकू वाहिले असेल. आज पाणी अर्धा तास उशिरा आले की आपण चिडतो. अंगवळणी पडलेले सुख हिशेबातून गळते आणि दुःखाची मात्र रोज नवी नोंद होते. वहीत फक्त खर्चच लिहायचा आणि जमा लिहायचीच नाही, असे केले तर चालत्या दुकानाचेही दिवाळे निघाल्यासारखे वाटेल. वर सांगितलेल्या शेठजींचे नेमके हेच झाले होते.

वहीचा प्रयोग

जमेची बाजू मुद्दाम लिहून काढली तर काय होते, हे संशोधकांनी तपासून पाहिले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने दर आठवड्याला कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्याने आठवड्यातल्या कटकटी लिहायच्या. तिसऱ्याने काय घडले ते नुसते लिहायचे. हा क्रम सुमारे दहा आठवडे चालला. शेवटी पहिल्या गटातल्या मुलांना आपले आयुष्य एकंदरीत बरे चालले आहे असे अधिक वाटत होते, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी त्यांनी कमी सांगितल्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ती व्यायामही जास्त करत होती.

यावर कुणी म्हणेल, कॉलेजच्या पोरांना कसली आली आहे चिंता? या संशोधकांचा आणखी एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात स्नायू आणि मज्जातंतूंचे जुनाट आजार असलेली प्रौढ माणसे होती. अनेकांना लहानपणच्या पोलिओनंतर पुढच्या वयात येणारा अशक्तपणा होता. त्यांनी एकवीस दिवस रोज अशी नोंद ठेवली. आजार जिथल्या तिथे राहिला, पण नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना झोप जास्त लागली आणि सकाळी उठल्यावर अधिक ताजेतवाने वाटले. त्यांच्यातला फरक त्यांच्या जोडीदारांनाही जाणवला. दुखणे तेच राहिले, पण त्याने सारा दिवस व्यापून टाकणे कमी झाले.

मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आणखी सोपी रीत तपासली. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि ती प्रत्येक गोष्ट कशामुळे घडली हेही लिहायचे. सहा महिन्यांनंतरच्या पाहणीतही या मंडळींचे मन अधिक प्रसन्न आणि उदासपणा कमी आढळला. आठवडा संपल्यावरही ज्यांनी ही सवय आपणहून चालू ठेवली त्यांना फायदा अधिक झाला. ब्रिटनमधील संशोधकांनी २००९ साली झोपेचा अभ्यास केला. ज्यांच्या स्वभावात कृतज्ञता जास्त, त्यांना झोप लवकर आणि चांगली लागते असे त्यात आढळले. त्याचे कारण म्हणजे उशीवर डोके टेकल्यावर त्यांच्या मनात येणारे विचार वेगळे होते. रात्री अडीचला छताकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण पदरात पडले तेवढेच सांगावे, जास्त सांगू नये. अशा सत्तावीस अभ्यासांचा एकत्र आढावा घेणारा निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य आणि चिंताविकारांची लक्षणे अशा सरावाने कमी होतात, पण थोडीच, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे वही हे औषध नव्हे. रोजच्या काळज्यांसाठी ती उपयोगी आहे, आजारासाठी उपचारच हवेत. हा फरक पुढे पुन्हा सांगणार आहे.

आभारप्रदर्शनाची वेळ

‘थँक यू’ म्हणणे आपल्या घरात रुळलेले नाही. बायकोने चहा आणून दिला आणि नवऱ्याने आभार मानले तर ती त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहील. ‘आभार’ हा शब्द आपण सभेसाठी राखून ठेवला आहे, आणि तिथेही आभारप्रदर्शन सुरू झाले की लोक खुर्च्या सरकवून चपला शोधू लागतात. घरातले आभारप्रदर्शन तर बहुधा माणूस गेल्यावर, तेराव्याला होते.

याचा अर्थ कृतज्ञता आपल्याला परकी आहे असा मात्र नाही. आपण ती बोलण्यापेक्षा करून दाखवत आलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, नेमका तोच खांदा मळायचा. खंडेनवमीला सुतार पटाशीची पूजा करतो, शिंपी मशीनची, ड्रायव्हर गाडीची. माझ्या दवाखान्यात त्या दिवशी स्टेथोस्कोपला आणि रक्तदाबाच्या यंत्राला झेंडूचे फूल वाहिले जाते. शास्त्रात ऋणांची कल्पना आहे. जन्माला आलेला माणूस देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे देणे घेऊनच येतो, असे ती सांगते.

या चालीरीतींमध्ये एक गोष्ट समान आहे. त्या मोघम नाहीत. बैलाचा खांदा, सुताराची पटाशी, अमुक ऋण असे प्रत्येक ठिकाणी काहीतरी नेमके आहे. संशोधकांनी ‘नेमके लिहा’ म्हणून सांगितले ते आपल्या आज्यांना माहीत होते. फक्त आपण ते सणावारी ठेवले. रोजच्या दिवसात त्याला जागा दिली नाही.

‘उपकार मान’ म्हणजे कृतज्ञता नव्हे

इथे एक सावधगिरीचा इशारा देणे डॉक्टर म्हणून माझे कर्तव्य आहे. कृतज्ञतेच्या नावाखाली माणसाचे तोंड बंद करण्याची रीतही आपल्याकडे आहे. ‘दोन वेळचं मिळतंय ना, मग रडतेस कशाला?’ असे मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला सांगतात. ‘त्या अमक्याकडे बघ, त्याला तर पायच नाहीत’ असे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला सांगतात. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करून आपले दुःख लहान ठरवणे म्हणजे कृतज्ञता नव्हे. त्याने दुःख कमी होत नाही, वर त्याची लाज मात्र वाटू लागते. मार खाणाऱ्या स्त्रीला संरक्षण हवे, कर्जबाजारी शेतकऱ्याला कर्जाचा मार्ग हवा. त्यांच्या हातात वही देणे ही क्रूर थट्टा होईल.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई मुलीबरोबर दवाखान्यात आल्या. स्वभावाने अतिशय समाधानी. कधी कशाबद्दल तक्रार नाही. मुलीने जवळजवळ ओढूनच आणले होते. तपासले तर स्तनात लिंबाएवढी गाठ. “केव्हापासून आहे?” म्हणून विचारले. “झाले सात-आठ महिने. दुखत नव्हती, डॉक्टर. देवानं सगळं चांगलं दिलंय, एवढ्याशा गाठीची काय तक्रार करायची? घरात लग्न होतं.”

गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, बाई आज आपल्यात आहेत आणि नातवाला घेऊन दवाखान्यात येतात. पण सात-आठ महिने आधी आल्या असत्या तर कदाचित छोट्या शस्त्रक्रियेवर आणि कमी औषधांवर भागले असते. ‘तक्रार करायची नाही’ या चांगल्या संस्काराने त्यांचा जीव धोक्यात आणला होता. स्तनातली न दुखणारी गाठही ताबडतोब दाखवायची असते, हे या निमित्ताने सर्व भगिनींनी लक्षात ठेवावे.

शेठजींनी दहा लहान काळज्या डोंगराएवढ्या केल्या होत्या. या बाईंनी डोंगराएवढी काळजी लिंबाएवढी करून पदराखाली झाकली होती. दोघांचेही माप चुकले होते. काळजी पुसून टाकणे हे कृतज्ञतेचे काम नाही. प्रत्येक काळजीला तिच्या खऱ्या मापात दाखवणे हे तिचे काम. लहान असेल ती लहान दिसावी आणि मोठी असेल ती मोठी दिसावी. जमेची बाजू डोळ्यांसमोर असली की मन थोडे स्थिर होते, आणि स्थिर मनालाच माप नीट घेता येते. हलत्या तराजूवर वजन कळत नाही, हे शेठजींना मी वेगळे सांगायची गरज नव्हती.

अकरावी ओळ

त्या दिवशी मी त्यांना झोपेची गोळी दिली नाही. संध्याकाळनंतर चहा बंद करायला सांगितले आणि शंभर पानी वही घ्यायला सांगितली. रोज रात्री दुकान बंद केल्यावर तीन ओळी. काय नीट झाले आणि कुणामुळे झाले, एवढेच. तीन आठवड्यांनी वही घेऊन या म्हटले. ते वही घेऊन येतील असे मला खरे तर वाटले नव्हते.

पण ते आले. पहिल्या काही पानांवर तेच ते होते. पाणी आले, गल्ला बरा झाला, पाऊस उघडला. दुसऱ्या आठवड्यापासून ओळींमध्ये माणसे येऊ लागली. ‘पोराने न सांगता गोणी उचलून आत ठेवल्या.’ ‘हमालाने फुटलेली साखरेची पिशवी आधीच दाखवली, लपवली नाही.’ ‘आईने मला आवडते म्हणून दुखत्या गुडघ्यांनी उठून थालीपीठ लावले.’ आईचे गुडघे दुसऱ्या बाजूला काळजी म्हणून लिहिलेले होते, इथे जमेत आले होते.

आणि एका पानावर एकच ओळ होती. ‘हे दुकान मला दादांनी उभे करून दिले.’

मी त्यांच्याकडे पाहिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डॉक्टर, दादा गेले तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. दुकानातच गेले, तागडी हातात होती. मला या फेब्रुवारीत एक्कावन्न पूर्ण झाली.”

ही त्यांची अकरावी ओळ होती. पहिल्या कागदावर ती नव्हती. ‘पुतणीच्या लग्नाचे जमत नाही’ या ओळीमागे ती लपली होती, रात्री अडीचला जाग आणणारी हीच होती. मोरीचे पाणी, विमा आणि उधारी यांच्या गर्दीत तिला तोंड फुटत नव्हते. मीही चूक केली होती. चार खेपांमध्ये मी घरातल्या आजारांविषयी विचारले होते, त्यांनी ‘तसं काही नाही’ म्हटले होते आणि मी ते खोदून विचारले नव्हते.

आता ही काळजी लहान नव्हती. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना पंचावन्न वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, अथवा आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत झाला असेल, तर आपला धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्र मानते. शिवाय विश्रांती घेत असताना काढलेला हृदयाचा आलेख चांगला आला म्हणजे हृदयवाहिन्या स्वच्छ आहेत अशी खात्री होत नाही. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. पुढच्या तपासण्या झाल्या. रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा असल्याची लक्षणे आढळली नाहीत, पण वाईट कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले होते. त्यासाठी गोळी सुरू झाली. तळहातावर तंबाखू मळण्याची तीस वर्षांची सवय सुटायला चार महिने लागले, मध्ये दोनदा पुन्हा सुरूही झाली. सकाळी दुकान उघडण्याआधी ते आता पाऊण तास चालतात. झोप पूर्वीपेक्षा बरी आहे.

वहीने त्यांचे कोलेस्टेरॉल उतरवले नाही, ते गोळीने आणि पथ्याने उतरले. पण कोणती भीती खरी आहे ते वहीमुळे कळले आणि बाकीच्या दहा काळज्यांचे माप कळले. त्यांतल्या दोन एका आठवड्यात संपल्या. विमा भरला आणि शेजाऱ्याशी जाऊन बोलले. तीन हळूहळू मार्गी लागत आहेत. उरलेल्या पाच आहेत तशाच आहेत, आणि त्या असल्या तरी झोप लागते.

आजपासून काय कराल?

ज्यांना हा सराव करून पाहायचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना देतो.

१. साधी वही घ्या. मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पाने चालतील. मोबाईलवर लिहू नका, कारण लिहिता लिहिता हात दुसरीकडे जातो आणि अर्धा तास निघून जातो.

२. झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहा. प्रत्येक ओळीत काय झाले आणि कुणामुळे किंवा कशामुळे झाले हे यावे. ‘सगळं छान आहे’ असे लिहू नका. ‘शेजारच्या वहिनींनी न मागता गॅसची टाकी उचलायला मुलगा पाठवला’ असे लिहा.

३. त्याच त्या ओळी रोज उतरवू नका. कंटाळा येऊ लागला तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी लिहा. नेमाने होणारे थोडे बरे. यांत्रिकपणे रोज केले तर त्यातला जीव जातो, असे अभ्यासातही दिसले आहे.

४. काळज्यांसाठी वेगळी वेळ ठेवा. संध्याकाळी पंधरा मिनिटे बसून त्या लिहून काढा. ज्याबद्दल या आठवड्यात काही करता येईल, तिच्यापुढे काय करणार ते लिहा. बाकीच्यांना उद्याच्या संध्याकाळची वेळ द्या. अंथरुणावर हा दरबार भरवू नका.

५. ज्यांना लिहिता येत नाही किंवा डोळ्यांना दिसत नाही, त्यांनी नातवंडांना सांगावे. ‘आज कुणी काय चांगलं केलं?’ हा प्रश्न रात्रीच्या जेवणात सगळ्यांनीच एकमेकांना विचारायला हरकत नाही. टीव्ही तेवढा बंद ठेवा.

६. वहीत ज्याचे नाव आले त्याला कधीतरी ते सांगा. आभार मानायला संकोच वाटत असेल तर ‘आज आमटी फक्कड झाली होती’ एवढे म्हटले तरी पोहोचते.

७. मन अगदी जड असेल त्या दिवशी वही मिटून ठेवा. घरात मृत्यू झाला आहे, मोठे नुकसान झाले आहे, अशा वेळी रडावे. जमेची बाजू मांडायला पुढे दिवस आहेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

छातीत दडपल्यासारखे होणे, दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम येणे, दम लागणे ही लक्षणे असतील तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत छातीत फारसे न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

धडधड, थकवा, घाम, वजनातला बदल ही लक्षणे काळजीची असतात तशीच थायरॉईड, रक्तक्षय किंवा मधुमेहाचीही असू शकतात. आधी तपासणी, मग वही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास आहे, कशातच रस वाटत नाही, भूक-झोप बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत. अशा रुग्णाला ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारू नये. मधुमेह्याला जसे आपण ‘साखर का वाढवलीस?’ म्हणून दोष देत नाही, तसेच हे. जीव देण्याचे विचार येत असतील किंवा कुणी तसे बोलून दाखवत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो निःशुल्क आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या डबीतून घेऊ नयेत, किंवा जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे आणत राहू नये. काही गोळ्यांची थोड्याच आठवड्यांत सवय लागते. आणि चालू असलेल्या गोळ्या हा लेख वाचून एकदम बंदही करू नयेत. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी कराव्यात.

गेल्या आठवड्यात शेठजी रक्तदाब तपासायला आले होते. “भिंतीचं काय झालं?” मी विचारले. “झिरपतेच आहे अजून,” ते म्हणाले, “पण पावसाळा सरला की दोघं मिळून मोरी उकरायची ठरलंय. निम्मा खर्च तो देणार.” वही चालू आहे का, म्हणून विचारले, तर चालू होती, पण आठवड्यातून एकदा, दुकान बंद असते त्या दिवशी. आदल्या दिवशीच्या पानावर शेजाऱ्याचे नाव होते.

वाचकहो, आज रात्री तीन ओळी लिहून पाहा. पहिली ओळ सुचायला वेळ लागेल. तेवढा वेळ द्या.